पाटपाण्यातले जुने ट्रॅक्टर : नगर जिल्ह्यात त्यांच्या वयाचा माग

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, गोदावरी आणि प्रवरा यांच्या पाटांखाली आलेल्या कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी आणि संगमनेर या तालुक्यांत एखादा जुना ट्रॅक्टर समोर आला, तर तो कोणत्या साली बनला या प्रश्नाला सहसा एकच उत्तर मिळत नाही. चासीवरची पट्टी एक साल सांगते, इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक दुसरे सांगतो, डिझेल पंपावरच्या खुणेवरून तिसरे निघते आणि आरसी बुकात चौथेच लिहिलेले असते. आणि बहुतेक वेळा या चारांपैकी एकही खोटे नसते. परदेशातील संग्राहकांना जुना ट्रॅक्टर पुष्कळदा मूळ अवस्थेत, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिलेला मिळतो. उसाच्या पट्ट्यातला ट्रॅक्टर असा पडून राहिलाच नाही. तो दर काही वर्षांनी खोलला गेला आणि पुन्हा बांधला गेला, त्यामुळे त्याचे वय काढायचे तर आधी त्याच्या दुरुस्त्यांचा क्रम लावावा लागतो, आणि तो क्रम लावताना जिल्ह्याच्या शेतीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आपोआप हाती येतो.

या इतिहासाची सुरुवात पाण्यापासून होते. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वाहू लागले आणि प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कायम दुष्काळाच्या छायेत राहिलेल्या या टापूत बारमाही पाणी आले आणि त्यामागोमाग ऊस आला. हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडीचा गोदावरी शुगर मिल्स असे खाजगी कारखाने उभे राहिले आणि त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांकडून हजारो एकर जमीन खंडाने घेऊन स्वतःचे मळे वसवले. जमीन खंडाने देणारा तो खंडकरी, आणि हा शब्द पुढे या भागाच्या राजकारणात अनेक दशके गाजत राहिला.

या मळ्यांची अडचण नांगरटीची होती. पाटाखालची काळी जमीन खोल असते, उन्हाळ्यात ती तडकते आणि दगडासारखी कठीण होते; त्यातच हरळी आणि कुंदा या तणांचे कंद आणि मुळ्या इतक्या खाली जातात की वरवरच्या नांगरटीने ती मरण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी अधिकच फुटतात. खोल नांगरटीसाठी जड नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपण्याची दख्खनमध्ये जुनी रीत होती आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने तिला मोठा आधार दिला, तरी नांगरटीचा हंगाम हाच बैलांच्या हालाचा हंगाम होता, कारण चैत्र-वैशाखात चारा संपत आलेला असे आणि काम मात्र सर्वांत जड असे. एकसलग हजार-दोन हजार एकर कसणाऱ्या कारखान्याला हा हिशेब परवडणारा नव्हता. यांत्रिक नांगरटीची गरज म्हणून आधी मळेवाल्यांना जाणवली आणि शेतकऱ्याला ती पुष्कळ नंतर परवडली. कारखान्याजवळ गाळपाच्या यंत्रांसाठी लेथ, भट्टी आणि फिटर आधीपासून हजर होते, ही गोष्ट येथे कमी महत्त्वाची नाही, कारण परदेशातून सुटा भाग येण्यास महिने लागत त्या काळात तुटलेला शाफ्ट किंवा झिजलेला बुश कारखान्याच्याच वर्कशॉपमध्ये घडवता येई. अशा घडवलेल्या भागांवर कोणताही क्रमांक नसतो आणि वय काढणाऱ्याची पहिली अडचण तेथेच उभी राहते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या परिसरांत सहकारी कारखान्यांची रांग लागली. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खाजगी कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले आणि ते कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. याचा परिणाम असा झाला की पूर्वी मळ्याच्या शेडमध्ये राहणारे यंत्र दोन वेगळ्या वाटांनी वाढू लागले : एक महामंडळाचा सरकारी ट्रॅक्टर आणि दुसरा सहकारी कारखान्याच्या सभासदाने कर्जाने घेतलेला खाजगी ट्रॅक्टर. दुसरा लवकरच पुढे गेला, कारण तो स्वतःची शेती नांगरून झाल्यावर भाड्याने दुसऱ्याची नांगरी आणि गाळपाच्या हंगामात मागे ट्रॉल्या जोडून ऊस वाही. अशा ट्रॅक्टरची अर्धी झीज शेतात होते आणि अर्धी रस्त्यावर.

देशातील ट्रॅक्टरांची स्थिती तेव्हा कशी होती हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे नीट उलगडत नाही. १९५१ मध्ये साऱ्या भारतात सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते, १९६१ मध्ये सुमारे ३१ हजार, आणि ते जवळजवळ सगळेच आयात केलेले होते. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला दिलेल्या सुरुवातीच्या कर्जांपैकी एक कर्ज कांस या तणाने ग्रासलेली जमीन ट्रॅक्टरने उलथून लागवडीखाली आणण्यासाठी होते. देशी उत्पादनाचे पहिले वर्ष म्हणून धरल्या जाणाऱ्या १९६१-६२ मध्ये फक्त ८८० ट्रॅक्टर तयार झाले. फरिदाबादची आयशर, मद्रासची टॅफे, बडोद्याचा हिंदुस्तान, पोलंडच्या उर्सुसच्या नमुन्यावरचा एस्कॉर्ट्स आणि मुंबईत कांदिवलीला महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून काढलेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी हे सारे त्याच सुमारासचे. मागणी मात्र उत्पादनाच्या कितीतरी पुढे होती, म्हणून सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया येथून ट्रॅक्टर आणले गेले, १९६५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळासारख्या संस्थांमार्फत ते वाटले गेले आणि १९७१ मध्ये ट्रॅक्टरच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेशही निघाला. त्या दिवसांत नंबर लावून वाट पाहावी लागे. त्यामुळे ट्रॅक्टर बनल्याचे साल आणि शेतकऱ्याच्या दारात आल्याचे साल यांत अंतर दिसले तर ते चुकीचे मानू नये. त्या काळात ते अपेक्षितच आहे.

वय काढण्याचे पहिले साधन म्हणजे कारखान्याने लावलेली क्रमांकाची पट्टी. फर्ग्युसनचा करडा टीई-२० हा १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीत पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेला ट्रॅक्टर येथे उदाहरण म्हणून घेता येईल. त्याच्या डॅशबोर्डावरच्या पट्टीवर अक्षरे आणि आकडे असतात : अक्षरे इंजिनाचा प्रकार सांगतात, म्हणजे टीईए पेट्रोलवर चालणारा, टीईडी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलसारख्या जड तेलावर चालवायचा, आणि टीईएफ डिझेलचा, आकडा मात्र सर्व प्रकारांसाठी एकाच मालिकेत चढत जातो, त्यामुळे त्यावरून साल ठरते. पट्टी चार रिबिटांनी ठोकलेली असते आणि ती काढून दुसऱ्या ट्रॅक्टरवर ठोकणे मुळीच अवघड नाही, म्हणून पट्टीपेक्षा रिबिटांकडे आधी पाहावे हे बरे. मूळ रिबिटांच्या जागी स्क्रू दिसले तर पट्टीच्या साक्षीला निम्मेच वजन द्यावे. इंजिनाच्या ब्लॉकवर वेगळा क्रमांक असतो. मूळ जोडीत हे दोन आकडे तंतोतंत जुळत नाहीत, तरी ते एकमेकांपासून फार दूरही नसतात. खूपच तफावत असेल तर इंजिन बदललेले आहे.

दुसरे साधन ओतीव भागांवरच्या खुणा. ब्लॉक, गिअरबॉक्सचे घर आणि मागच्या ॲक्सलचे घर हे बिडाचे भाग साच्यात ओतताना त्यांवर पुष्कळदा तारखेची सांकेतिक खूण उमटवलेली असते. फोर्डने १९६५ पासूनच्या ट्रॅक्टरांसाठी वापरलेल्या पद्धतीत आधी सालाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचे अक्षर आणि मग दिवस असा क्रम येतो. महिन्याची अक्षरे ए पासून एम पर्यंत जातात आणि आकड्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांतून आय वगळलेले असते. म्हणजे पाच, एच, बारा अशी खूण दिसली तर १२ ऑगस्ट, आणि साल १९६५ किंवा १९७५. दशक कोणते हे ट्रॅक्टरच्या मॉडेलवरून ठरवावे लागते. ओतीव भाग बनल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो ट्रॅक्टरात बसतो, म्हणून ही तारीख जन्मतारीख नसते, तिच्या आधीची सीमा असते : भाग मूळचा असेल तर ट्रॅक्टर याहून जुना असू शकत नाही, एवढेच ती खात्रीने सांगते. इंग्लंडच्या लुकास कंपनीच्या डायनॅमोवर आणि स्टार्टरवर ठोकलेले महिना आणि साल याच अर्थाने वाचावेत.

तिसरे साधन रंग. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होते आणि तिच्या आधी पुष्कळ ठिकाणी रंगाचा एक हातही फिरतो, त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरवर थरावर थर असतात. बॅटरीच्या ट्रेखाली किंवा इंधन टाकीच्या मागच्या बाजूला पात्याने हलके खरवडले की मूळ रंग सापडतो. मॅसी फर्ग्युसन ३५ या मॉडेलच्या बाबतीत याचा थेट उपयोग होतो, कारण १९५७ च्या अखेरीपर्यंत तो करड्या आणि सोनेरी रंगात येई आणि त्यानंतर लाल-करडा झाला. लालच्या खाली सोनेरी लागले तर तो आयातीच्या काळातला, टॅफेत मॅसी फर्ग्युसन बनू लागण्याआधीचा. कांदिवलीच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या बी-२७५ या मॉडेलबाबत नावाची पट्टी बोलते : १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली, म्हणून पुढच्या जाळीवर इंटरनॅशनल हे नाव मूळचे असेल तर ट्रॅक्टर सहसा त्याआधीचा. अर्थात जाळी ही ट्रॅक्टरचा सर्वांत आधी चेपणारा आणि सर्वांत सहज बदलला जाणारा भाग आहे, हे विसरून चालत नाही.

चौथे साधन कागद, आणि येथे नगर जिल्ह्याला एक सोय आहे जी इंग्लंडच्या संग्राहकाला नाही. आरसी बुकावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण एमएच १६ (अहमदनगर) किंवा एमएच १७ (श्रीरामपूर) अशी सुरुवात असलेला क्रमांक १९८९ नंतरच्या पद्धतीचा आहे, आणि त्याहून जुन्या ट्रॅक्टरवर तो दिसला तर नोंदणी उशिरा झाली किंवा नव्याने झाली एवढेच सिद्ध होते. परंतु साठ-सत्तरच्या दशकांत ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याने बहुधा भूविकास बँकेकडे जमीन तारण ठेवून कर्ज काढलेले असे. या तारणाचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात चढे आणि तो चढवणाऱ्या फेरफाराला क्रमांक व तारीख असे. कर्ज फिटल्यावर बोजा कमी केल्याचाही फेरफार होई. गावच्या फेरफार नोंदवहीत या दोन तारखा सापडल्या, तर ट्रॅक्टर त्या घरात कधी आला हे यंत्रावरच्या कोणत्याही पट्टीपेक्षा पक्के समजते. यंत्राच्या इतिहासाचा पुरावा तलाठ्याच्या दप्तरात शोधणे विचित्र वाटेल, पण शेतीच्या इतिहासाचे बरेचसे पुरावे तेथेच आहेत.

या चारही साधनांनंतर उरते ते इंजिन, आणि इंजिनाच्या बाबतीत बिघाड हाच वयाचा साक्षीदार ठरतो. रॉकेलवर चालणाऱ्या टीईडीचे उदाहरण पाहावे. जड तेल सहज पेट घेत नाही, म्हणून हे इंजिन पेट्रोलवर सुरू करून गरम होऊ द्यायचे आणि मग तोटी फिरवून तेलावर न्यायचे, असा त्याचा नियम होता. पेट्रोलसाठी लहान आणि तेलासाठी मोठी अशी दोन खणांची टाकी हीच त्याची बाहेरून दिसणारी ओळख आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन पुरते तापण्याआधीच तोटी फिरवली, तर न जळालेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगे खाल्ली जातात. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसणे हे या रोगाचे लक्षण. बंद करण्याआधी परत पेट्रोलवर न आणल्यास कार्ब्युरेटरमध्ये तेल राहते आणि दुसऱ्या सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. यावर कार्ब्युरेटर रिकामा करण्यापलीकडे उपाय नाही, आणि पातळ झालेले ऑइल मात्र सर्वच्या सर्व बदलावे लागते.

याच इंजिनात ओल्या स्लीव्ह असतात, म्हणजे दट्ट्या ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते नळकांडे ब्लॉकमध्ये सुटे बसवलेले असून त्याच्या बाहेरच्या अंगाला थंड करणारे पाणी प्रत्यक्ष भिडते. दोन-दोन स्लीव्हच्या तळाशी इंग्रजी आठच्या आकाराचे एक पातळ सील असते. ते कुजले किंवा स्लीव्ह काढताना त्याची बैठक नीट साफ झाली नाही, की पाणी ऑइलात उतरते आणि ऑइल दुधाळ होते. पाणी ऑइलात आले की हेड गेले असे पहिले निदान बहुतेक ठिकाणी होते, आणि हेड गॅस्केट बदलूनही पाणी येतच राहिले तर दोष तळाच्या सीलमध्ये असतो. वय काढणाऱ्याला या स्लीव्हमध्ये आणखी एक खूण सापडते. स्टँडर्ड कंपनीच्या या पेट्रोल इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आधी ८० मिलिमीटर होता आणि पुढे तो ८५ करण्यात आला, त्यामुळे इंजिनाचे आकारमान १८४९ घन सेंटीमीटरवरून २०८८ वर गेले. कॅलिपरने व्यास मोजला की सुरुवातीचे इंजिन कोणते आणि नंतरचे कोणते हे कळायला हवे. परंतु स्लीव्ह सुट्या असल्याने जुन्या ब्लॉकमध्ये ८५ च्या स्लीव्ह-पिस्टन बसवून ताकद वाढवण्याचा मार्ग सर्वांनाच खुला होता, आणि म्हणून ८० चा बोअर आढळला तर तो जुनेपणाचा पक्का पुरावा, पण ८५ चा आढळला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

मॅसी ३५ च्या सुरुवातीच्या डिझेल नमुन्यात चार सिलिंडरचे स्टँडर्ड २३सी इंजिन होते आणि थंडीत सुरू होण्यास ते इतके नाखूश असे की १९५९ च्या अखेरीस कंपनीने त्याजागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन घेतले, जे आपल्याकडे पुढे मद्रासच्या सिम्प्सनमध्ये बनू लागले. नगरला मार्गशीर्ष-पौषात चांगली थंडी पडते आणि नेमका तोच उसाचा हंगाम असतो. त्यामुळे ३५ च्या बाबतीत सकाळी सुरू होण्याची कुरकुर आणि सिलिंडरची संख्या या दोन गोष्टी एकत्र आल्या, की साल जवळजवळ ठरल्यात जमा होते.

डिझेल इंजिनाची नित्याची तक्रार मात्र मॉडेलवर अवलंबून नसते. टाकी कोरडी पडली किंवा नळीचा जोड सैल झाला की इंधनाच्या वाटेत हवा शिरते, आणि हवा दाबली जात असल्याने पंपाचा दाब इंजेक्टरपर्यंत पोहोचत नाही. याला हवा धरणे म्हणतात. उपाय सोपा पण क्रमाने करायचा आहे : आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताच्या प्राइमरने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल काढायचे, मग पंपावरचा, आणि शेवटी इंजेक्टरच्या नळीचे नट थोडे सैल करून इंजिन फिरवायचे. क्रम उलटला तर तासभर घाम गाळूनही ट्रॅक्टर उभाच राहतो. याहून वाईट शत्रू म्हणजे पाणी आणि गाळ. डिझेल वस्तीवर पिंपात साठवण्याची सवय सर्वत्र होती, पिंपाच्या तळाशी पाणी जमे, आणि सुईच्या टोकासारख्या नोझलला ते खपत नसे. रोटरी पंप, म्हणजे एकाच फिरत्या भागातून सर्व सिलिंडरना आळीपाळीने डिझेल वाटणारा पंप, स्वतःचे वंगणही डिझेलमधूनच घेतो, म्हणून तो आणखी लवकर खराब होतो. पंप जुळवण्यासाठी चाचणीचे बाकडे लागते आणि ते गावात नसते. पंप तालुक्याला किंवा नगरला जाई आणि पुष्कळदा तोच परत येण्याऐवजी बदलून दुसरा येई. बंगळूरच्या मायकोची पट्टी असलेला पंप इंग्लंडहून आलेल्या ट्रॅक्टरवर आढळतो तो यामुळे.

विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आणि क्षारयुक्त असते. रेडिएटरमध्ये तेच भरल्याने आत खपली धरते, इंजिन तापते आणि तापलेल्या इंजिनात घाईने गार पाणी ओतले की हेडला चीर जाते. आयशरसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना हा त्रास नव्हता, पण त्यांच्या पंखांमध्ये भुसा आणि माती अडकली की तीही तितकीच तापत. नांगरटीच्या धुळीसाठी असलेल्या एअर क्लीनरमधील ऑइल वेळेवर बदलले नाही, तर धूळ थेट रिंगांपर्यंत जाते. मग धूर सांगू लागतो : निळा असेल तर ऑइल जळते आहे, काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे.

हे सारे वाचू शकणारे मिस्त्री शाळेत तयार झाले नव्हते. त्यांतील बरेचजण विहिरीवरच्या किर्लोस्कर आणि कूपर ऑइल इंजिनांवर हात बसवून आलेले होते. राहुरीला १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले तोवर, त्यांनी आपली पद्धत पक्की केलेली होती : वरचे काम म्हणजे हाफ इंजिन, क्रँकसकट सगळे म्हणजे फुल इंजिन, आणि क्रँक घासून घ्यायचा तर लेथवाल्याकडे.

क्रँक घासला की तो बारीक होतो आणि त्याच्यासाठी जाड बेअरिंग लागते, ही बाब वय काढणाऱ्यासाठी फार मोलाची आहे. बेअरिंगच्या अर्ध्या वाटीच्या पाठीमागे तिचे माप ठोकलेले असते : मूळ मापाचे एक, मग इंचाच्या हजारांश भागांत १०, २०, ३० आणि शेवटी ४०. पाठीवर २० असेल तर इंजिन निदान एकदा, बहुधा दोनदा, पुरते बांधले गेले आहे असे धरता येते, आणि उसाच्या वाहतुकीवर राबलेल्या इंजिनाच्या दोन बांधण्यांमधील काळ मालकाला किंवा मिस्त्रीला साधारण आठवत असतो. ४० च्या पुढे घासायला क्रँक उरत नाही. तेव्हा भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा क्रँक बसतो, आणि अशा इंजिनाची नोंद करताना ब्लॉकचे साल आणि क्रँकचे साल वेगवेगळे लिहावे लागते.